पावसाळ्यात रात्री गाडीचा अलार्म आपोआप वाजतो : दोष नेमका कुठे शोधावा?

डिचोलीवासी

नमस्कार. आमच्याकडे सात वर्षांची, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. सेंट्रल लॉक आणि अलार्म दोन्ही कंपनीतूनच बसवून आलेले आहेत. नंतर जोडलेली एकमेव वस्तू म्हणजे पुढच्या काचेवरचा डॅशकॅम. घराला बंद गॅरेज नाही. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली उभी असते आणि वाऱ्याबरोबर आत येणारा पाऊस तिच्या पुढच्या भागाला भिजवतो. मृगाचा पाऊस लागल्यापासून हा अलार्म रात्री आपोआप वाजू लागला आहे. तो बहुधा दोन ते पाचच्या दरम्यान वाजतो, अर्ध्या मिनिटाने थांबतो, आणि रिमोटने बंद करून गाडी पुन्हा लॉक केली तर कधी सकाळपर्यंत शांत राहतो, कधी तासाभरात पुन्हा सुरू होतो. जोराच्या पावसाच्या रात्री हे जास्त घडते, पण पाऊस नसलेल्या, नुसत्या दमट रात्रीही घडलेले आहे. गाडीला कोणी हात लावल्याची खूण कधीच दिसली नाही. दरवाजे आणि डिकी प्रत्येक वेळी नीट बंद असतात.

शेजारच्या घरात हृदयविकाराच्या एक वृद्ध आजी आहेत. त्यांची झोप मोडते याचे आम्हाला फार वाईट वाटते, म्हणून हा प्रश्न लवकर सोडवायचा आहे. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा अलार्मचे संपूर्ण युनिट सायरनसह बदलावे लागेल असे सांगण्यात आले. मात्र त्यातला कोणता भाग बिघडला आहे हे त्यांना सांगता आले नाही. एवढा खर्च करण्यापूर्वी मला दोष स्वतः ओळखायचा आहे. घरी मल्टिमीटर आहे आणि तो साध्या कामासाठी वापरता येतो. तपास कोणत्या क्रमाने करावा? आणि दोष सापडेपर्यंत सायरनचा फ्यूज काढून ठेवला तर चालेल का?

अंत्रुजकर

नमस्कार. फोंड्यात गाड्यांच्या वायरिंगचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. आपण वर्णन केलेली तक्रार दर पावसाळ्यात अनेक गाड्यांची येते, आणि माझ्या अनुभवात अलार्मचे युनिट स्वतः बिघडलेले फार क्वचित निघते. युनिट स्वतःहून काहीच ठरवत नाही. दरवाजे, डिकी आणि बॉनेट यांच्या लॉकमध्ये बसवलेले छोटे स्विच ‘बंद आहे’ किंवा ‘उघडे आहे’ एवढेच त्याला कळवतात, आणि गाडी लॉक असताना यांपैकी एकानेही क्षणभर ‘उघडे’ असा संकेत दिला की युनिट सायरन वाजवते. त्यामुळे खोटा संकेत देणारा स्विच जागेवरच राहिला तर नवे युनिटही त्याच रात्री वाजेल. म्हणून युनिट बदलण्याचा निर्णय सध्या बाजूला ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या वर्णनातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे पाऊस गाडीच्या पुढच्या भागावर येतो. बॉनेटचे लॉक बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या अगदी मागे असते. पावसाचे पाणी, रस्त्यावरचा चिखल आणि गाडी धुताना मारलेला फवारा या सगळ्यांचा पहिला मारा त्याच्यावर होतो. आपल्या भागात त्यात लाल मातीची बारीक धूळ मिसळते. ही धूळ कोरडी असेपर्यंत त्रास देत नाही, पण ओली झाली की स्विचच्या आत तिचा लेप बसतो, तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि संपर्क कधी होतो, कधी तुटतो. शुद्ध पाणी विजेचे चांगले वाहक नाही. पण त्यात क्षार आणि मातीतली द्रव्ये विरघळली की त्यातून थोडा प्रवाह वाहू लागतो, आणि युनिटच्या तारेवर फसवा संकेत पोहोचायला तेवढाही पुरतो. दुसरी गोष्ट म्हणजे पहाटेची वेळ. तेव्हा गाडीचा पत्रा सर्वांत गार झालेला असतो, हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते, आणि मुळातच काठावर टेकलेला स्विच त्या एवढ्याशा बदलाने संपर्क सोडतो. पाऊस नसलेल्या रात्रीही अलार्म का वाजतो, याचे उत्तर मला यातच दिसते.

तरीही सुरुवात बॅटरीपासून करावी, कारण ती तपासणी सर्वांत सोपी आहे आणि तिचा दोष इतर सगळ्या दोषांसारखा दिसू शकतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी बॉनेट उघडून दरवाजे बंद करावेत, अर्धा तास थांबावे म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपेत जाईल, आणि मग बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे. १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.४ चालेल, १२.२ म्हणजे ती जवळपास अर्धी रिकामी आहे. आणि १२ च्या खाली आले तर आधी बॅटरीचाच प्रश्न सोडवावा. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगून त्या क्षणी मीटरकडे पाहावे. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे असे समजावे. इंजिन चालू असताना ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर तीही साफ करावी आणि अर्थिंगची जाड तार बॉडीला जिथे जोडलेली आहे तो नट घट्ट आहे का ते पाहावे.

डॅशकॅमकडेही लक्ष द्यावे. गाडी बंद असतानाही तो रेकॉर्डिंग करत असेल आणि पाव अँपिअर एवढाच प्रवाह खेचत असेल, तरी बारा तासांत तीन अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. गाडी दोन-तीन दिवस हलली नाही तर पहाटेपर्यंत व्होल्टेज बरेच उतरते, आणि काही अलार्म व्होल्टेजच्या अशा घसरणीलाच बॅटरीशी केलेली छेडछाड समजतात. निदान एक आठवडा डॅशकॅमचा प्लग काढून ठेवावा.

बॅटरी ठीक निघाली तर स्विचकडे वळावे. इग्निशन ‘ऑन’ करून डॅशबोर्डवरच्या ‘दरवाजा उघडा’ या खुणेकडे पाहत राहावे आणि दुसऱ्या व्यक्तीने बाहेरून प्रत्येक बंद दरवाजा तळहाताने दाबावा, थोडा खेचावा, हलवावा. खूण क्षणभर जरी लुकलुकली तरी तो दरवाजा सापडला. डिकीचीही अशीच परीक्षा घ्यावी. हे करताना दरवाजा आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागरीजवळ जी रबराची नळी असते तीही वाकवून पाहावी, कारण तिच्यातून जाणाऱ्या तारा हजारो वेळा दुमडून आतून तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बॉनेटची खूण मात्र अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिसतच नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. त्यासाठी लॉकमधून निघणाऱ्या दोन तारांचा कनेक्टर सोडवून स्विचकडच्या दोन टोकांवर मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, लावावा आणि लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून ती बॉनेट बंद असतानाच्या स्थितीत आणावी. स्विच निरोगी असेल तर एका स्थितीत एक ओहमहून कमी आणि दुसऱ्या स्थितीत पूर्ण तुटलेले सर्किट दिसेल. आकडा शेकडो ओहममध्ये नाचत असेल तर चोर सापडला असे समजावे. हात काढण्यापूर्वी जीभ सोडण्याचा खटका खेचून ती पुन्हा उघडी करावी. तसे केले नाही तर बॉनेट बंदच होणार नाही.

फ्यूजविषयी मात्र सावध राहा. पुष्कळ गाड्यांत अलार्म आणि नेहमीचा हॉर्न एकाच फ्यूजवर असतात. तो काढला तर दिवसा गाडी चालवताना हॉर्नही वाजणार नाही. त्यापेक्षा रात्री गाडी रिमोटने लॉक न करता चालकाच्या दरवाजातून चावी फिरवून लॉक करून पाहा. बहुतेक गाड्यांत अशा वेळी दरवाजे लॉक होतात पण अलार्म जागा होत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा कसा लुकलुकतो यावरून किंवा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेवरून ते कळेल. इंजिनचे रक्षण करणारा इमोबिलायझर वेगळा असतो. तो चावीतल्या चिपवर चालतो आणि अलार्म झोपला तरी आपले काम करत राहतो, त्यामुळे काही रात्री अशा काढण्यात मोठा धोका नाही. आजींची झोपही त्यामुळे वाचेल.

मुरगाववासी

अंत्रुजकरांचे उत्तर अत्यंत उपयुक्त आहे. मी फक्त बाहेरून बसवलेल्या अलार्मविषयी लिहितो, कारण हा धागा वाचणाऱ्या अनेकांच्या गाड्यांत तोच असेल. माझ्या गाडीत तो दुकानातून बसवून घेतलेला आहे आणि त्यात धक्का ओळखणारा सेन्सर आहे. आम्ही दाबोळीजवळ राहतो. आयएनएस हंसा तळावरून नौदलाची लढाऊ विमाने उड्डाण करतात तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि त्या कंपनाने आमच्या रांगेतल्या दोन-तीन गाड्या एकदम ओरडू लागत. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री मोठ्या स्पीकरांसमोर आणि शिगम्याच्या रोमटात, म्हणजे मिरवणुकीत, ढोल-ताशांच्या शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांचेही हेच होते, कारण हा सेन्सर हात आणि आवाज यांत फरक करत नाही. पत्र्यातून आलेली थरथर एवढेच त्याला समजते. टपोऱ्या थेंबांचा पाऊस, शेडवरून ओघळणारी धार, बॉनेटवर उडी मारणारे मांजर आणि वरून पडणारा आंबा हे सगळे त्याला सारखेच.

हा सेन्सर बहुधा स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आत चिकटवलेली छोटी डबी असते आणि तिच्यावर संवेदनशीलता कमी-जास्त करण्याचा बारीक स्क्रू असतो. तो थोडाच फिरवावा, गाडी लॉक करून एक मिनिट थांबावे आणि मग काचेशेजारच्या खांबावर मुठीने हलकेच ठोकावे. हलक्या टकटकीला इशाऱ्याचा छोटा आवाज आणि जोराच्या धक्क्यालाच पूर्ण सायरन, एवढ्यावर तो आणून ठेवावा. डबी घट्ट बसली आहे का हे आधी पाहावे. उन्हाळ्यात गाडीच्या आतल्या उष्णतेने दुहेरी चिकटपट्टी सुटते आणि डबी तारांवर लोंबकळू लागते. मग स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होत नाही. दुकानातल्या अलार्मची आणखी एक सोय अशी की वाजून गेल्यानंतर रिमोटने बंद करताना छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या संख्येवरून दरवाजा, बॉनेट की धक्का यांपैकी कारण कोणते ते कळते. त्या संख्यांचा अर्थ सोबतच्या कागदावर छापलेला असतो. म्हणून तो कागद कृपया जपून ठेवावा.

डिचोलीवासींच्या गाडीत कंपनीचा अलार्म आहे आणि छोट्या गाड्यांत धक्क्याचा सेन्सर बहुधा दिलेला नसतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बॉनेटचा तर्कच मला अधिक पटतो.

साष्टीकर

मडगावहून लिहितो आहे. तांत्रिक बाजू वर चांगली मांडली गेली आहे. मला कायदा आणि विमा या दोन बाबी जोडाव्याशा वाटतात, कारण अशा त्रासाला कंटाळून लोक सायरनची तार कायमची कापून टाकतात.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या काळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ती ५५ आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यावरही, सार्वजनिक आणीबाणीचा प्रसंग वगळता, बंदी आली. गाडीचा सायरन जवळून १०० डेसिबलच्याही वर जातो. बिघाडामुळे वाजणारा अलार्म हा कोणी हेतुपुरस्सर केलेला आवाज नव्हे, हे खरे. तरीही तो रोज रात्री वाजू देणे आणि दुरुस्ती पुढे ढकलत राहणे शेजाऱ्यांवर अन्यायाचे आहे. डिचोलीवासींनी आजींचा विचार आधी केला याचा मला मनापासून आदर वाटतो. त्या घरी जाऊन, दुरुस्ती चालू आहे असे स्वतः सांगावे, एवढी सूचना करतो.

विम्याची बाब अशी की देशात पूर्वीपासून चालत आलेल्या मोटार विमा दरपत्रकात, पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवलेले असेल तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, सूट ठेवलेली आहे. आपल्या पॉलिसीच्या कागदावर ही सूट दिसत असेल आणि उपकरण मात्र आपण कायमचे बंद करून टाकले असेल, तर चोरीच्या दाव्याच्या वेळी नाहक वाद उभा राहू शकतो. चावीने लॉक करून काही रात्री काढणे वेगळे आणि तार कापणे वेगळे. दुसऱ्या मार्गाने जाऊ नये.

एक तांत्रिक शंका मात्र विचारतो. माझ्या गाडीत छताच्या दिव्याजवळ दोन छोट्या जाळ्या आहेत आणि काच थोडी उघडी राहिली तर उन्हात अलार्म वाजतो. तो हाच प्रकार का?

अंत्रुजकर

साष्टीकरांच्या गाडीतला प्रकार वेगळा आहे. त्या जाळ्यांमागे अल्ट्रासोनिक सेन्सर आहे. एका बाजूने माणसाला ऐकू न येणाऱ्या, साधारण ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा प्रतिध्वनी टिपला जातो. आत काही हलले की प्रतिध्वनी बदलतो. काच उघडी असेल तर वारा आत शिरतो आणि तापलेली हवा हलते, तेवढे त्याला पुरते. आरशाला टांगलेली माळ, सीटवर ठेवलेली पातळ पिशवी, अगदी जाळीपाशी फिरणारा कोळीसुद्धा तो वाजवू शकतो. काचा पूर्ण बंद ठेवाव्यात आणि टांगलेल्या वस्तू काढाव्यात. हा सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्यांत तो त्या वेळेपुरता बंद करण्याचे बटण किंवा रिमोटवरची वेगळी दाब-पद्धत दिलेली असते, ती पुस्तिकेत सापडेल. लहान मूल किंवा वृद्ध माणूस गाडीत बसवून बाहेरून रिमोटने लॉक करणाऱ्यांनी तर ती माहिती करून घेतलीच पाहिजे. तसेही बंद गाडीत कोणालाच ठेवू नये.

डिचोलीवासींच्या तपासाची वाट पाहतो.

डिचोलीवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपास केला. बॅटरी सकाळी १२.५ व्होल्ट दाखवते, स्टार्टर फिरताना १०.४ आणि इंजिन चालू असताना १४.२. डॅशकॅम काढून ठेवला तरी पावसाच्या रात्री अलार्म पुन्हा वाजला, म्हणजे तो दोषी नाही. चारही दरवाजे आणि डिकी कितीही हलवली तरी डॅशबोर्डवरची खूण लुकलुकली नाही. मग बॉनेटच्या लॉकमधला कनेक्टर सोडवला. आत लालसर चिखलाचा लेप होता आणि एका पिनेवर हिरवा थर चढला होता. जीभ दाबून ठेवली असता मल्टिमीटरवरचा आकडा दीडशे ओहमवरून हजाराच्या पुढे जायचा आणि लॉकला बोटाने टिचकी मारली की शून्यावर यायचा. त्यानंतर रात्री गाडी चावीने लॉक करतो आहे आणि घर व शेजार दोन्ही शांत आहेत. शेजारच्या घरी जाऊनही सांगून आलो.

आता हा स्विच साफ करून चालेल की बदलावाच लागेल? दुकानात स्विच वेगळा मिळत नाही, पूर्ण लॉकच घ्यावे लागेल असे सांगतात. आणि बॉनेट बंद केल्यावर त्याची उजवी कड डावीपेक्षा किंचित वर राहते असे आत्ता लक्षात आले. त्याचा याच्याशी संबंध असू शकतो का?

अंत्रुजकर

संबंध नक्की असू शकतो, आणि आपण ते पाहिलेत हे फार चांगले झाले. बॉनेटखाली पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत रबराचे ठोकळे असतात. ते फिरवून वर-खाली करता येतात. वर्षानुवर्षे दबून ते बसतात किंवा कोणी काम करताना फिरवले जातात, आणि मग बॉनेट एका बाजूला तिरके टेकते. अशा वेळी लॉकची जीभ पूर्ण शेवटपर्यंत जात नाही आणि आतला स्विच दाबला जाण्याच्या अगदी काठावर राहतो. मग रात्रीचा गारवा किंवा वाऱ्याचा झोत एवढ्यानेही तो सुटतो. उजवीकडचा ठोकळा अर्धा फेरा खाली घेऊन बॉनेट बंद करावे, दोन्ही कडा मडगार्डशी समपातळीत येईपर्यंत हे करावे, आणि शेवटी बंद बॉनेट तळहातांनी दाबून पाहावे. ते खटखटत असेल तर ठोकळा गरजेपेक्षा जास्त खाली गेला आहे.

स्विचविषयी सांगायचे तर सफाई करून पाहायला हरकत नाही. कनेक्टर सोडवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढावे. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा स्विचमध्ये मारावा, जीभ अनेक वेळा उघडझाप करावी, चिखल बाहेर वाहून जाऊ द्यावा आणि पुन्हा फवारावे. पेट्रोल किंवा केरोसीन वापरू नये, त्याने प्लास्टिक तडकते. पिनेवरचा हिरवा थर मऊ ब्रशने काढावा. पॉलिश पेपरने घासले तर पिनेवरचा संरक्षक मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट वेगाने गंजते. सगळे पूर्ण वाळल्यावर कनेक्टरच्या तोंडाशी डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर द्यावा. लॉकच्या यांत्रिक भागाला लावायचे साधे ग्रीस स्विचमध्ये जाऊ देऊ नये, कारण धूळ त्यालाच येऊन चिकटते. नंतर पुन्हा ओहम मोजावे. टिचक्या मारूनही आकडा एक ओहमच्या आत स्थिर राहिला तर हा पावसाळा निघून जाईल. पुन्हा नाचू लागला तर मात्र आतली पत्ती खराब झाली आहे, आणि पूर्ण लॉक घेणे हाच प्रामाणिक उपाय. लॉकची किंमत पूर्ण अलार्म युनिटच्या मानाने थोडी असते.

काहीजण त्या दोन तारा कायमच्या एकत्र जोडून टाकतात, म्हणजे युनिटला बॉनेट नेहमी बंदच वाटते. दोन-तीन रात्री खात्री करून घेण्यासाठी ही युक्ती ठीक आहे, आणि तीही स्विच कोणत्या स्थितीत जोडलेला असतो हे मोजून झाल्यावरच, कारण काही गाड्यांत हिशोब उलटा असतो. कायमस्वरूपी मात्र असे करू नये. बॅटरी चोरणारा माणूस पहिल्यांदा बॉनेटच उघडतो.

गाडी धुवायला देताना जाळीतून आत दाबाचा फवारा मारू नका, असे स्पष्ट सांगावे. आणि शेडच्या पुढच्या बाजूला ताडपत्रीचा पडदा सोडता आला तर निम्मे काम तेथेच होईल.

डिचोलीवासी

सफाई केली, ठोकळा फिरवला, ओहम स्थिर आहेत. गाडी पुन्हा रिमोटने लॉक करू लागलो आहे. मुसळधार पावसाच्या रात्रीही अलार्म वाजला नाही.

एक शेवटचा प्रश्न उरला आहे. काल माझ्या पत्नीने पणजीच्या बाजारात भर दुपारी गाडी उघडली, तेव्हा सायरन वाजला. ऊन होते, सगळे कोरडे होते. रिमोट दाबला तरी लॉक उघडत नव्हते म्हणून तिने चावी फिरवून दरवाजा उघडला आणि त्याच क्षणी आवाज सुरू झाला. जुना दोष परत आला का?

अंत्रुजकर

नाही, हा दोष नव्हे. अलार्मने जे करायला हवे तेच केले. गाडी रिमोटने लॉक केली असेल आणि नंतर नुसत्या चावीने उघडली, तर बहुतेक अलार्म तिला जबरदस्तीने उघडलेली गाडी समजतात, कारण दरवाजाचे कुलूप फिरवणारा मालक आहे की चोर, हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी गोंधळून न जाता लगेच चावी इग्निशनमध्ये घालून ‘ऑन’ करावी. चिप ओळखली गेली की सायरन थांबतो. वहिनींना एवढे सांगून ठेवावे.

मूळ कारण रिमोटची बटण-बॅटरी आहे. तीन व्होल्टची ही गोल बॅटरी उतरू लागली की गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबल्याशिवाय रिमोट काम करत नाही, आणि ही त्याची पहिली खूण असते. रिमोटच्या पाठीवर किंवा जुन्या बॅटरीवर क्रमांक छापलेला असतो, अनेक रिमोटमध्ये तो सीआर २०३२ असतो. तोच क्रमांक घ्यावा. नवी बॅटरी बसवताना तिच्या दोन्ही बाजूंना बोटांचा घाम लागू देऊ नये, कोरड्या सुती कापडाने धरावी, आणि रिमोटची रबरी कड पुन्हा नीट बसली आहे का ते पाहावे, नाहीतर या हवेत आतल्या पट्टीवरही हिरवा थर चढेल. बदलल्यानंतरही रिमोट लांबून चालला नाही, तर दुसऱ्या चावीचा रिमोट त्याच ठिकाणी उभे राहून वापरून पाहा आणि काय होते ते येथे लिहा.